मधल्या खोलीची डावी भिंत

माईला टर्पेंटाइनचा वास सोसत नसे, म्हणून नीलाने तैलरंगांची पेटी माळ्यावर टाकली आणि जलरंग खाली काढले. माई ही नीलाची आई; आदल्या वर्षीच्या अर्धांगवायूने तिची उजवी बाजू आणि वाचा नेली होती. डावा हात चालत होता आणि डोळे पूर्वीपेक्षा अधिक जागे झाले होते. १९९४ चा मार्च संपत आला होता. नीलाची शाळा सकाळची झाली होती आणि दुपारी दोन ते चार ती माईजवळ बसत असे. चित्रकलेच्या शिक्षिकेला नुसते बसणे जमत नाही, म्हणून ती रोज एक कागद रंगवू लागली. विषय एकच होता: मधली खोली, खिडकी, पलंग आणि पलंगावर माई.

घर भाड्याचे होते. ओटी, मधली खोली आणि स्वयंपाकघर अशा एका ओळीत तीन खोल्या. मधल्या खोलीच्या डाव्या भिंतीपलीकडे मोरूशेटची यंत्रमागाची शेड होती आणि तिच्यात चोवीस लूम चालत. घरही मोरूशेटचेच. लूम सुरू असले की ब्रश बुडवायच्या पेल्यातल्या पाण्यावर बारीक वर्तुळे थरथरत. नीलाला त्याची इतकी सवय झाली होती की शुक्रवारी, आठवड्याच्या सुट्टीला लूम बंद पडले आणि पाणी स्थिर झाले, म्हणजेच तिचे लक्ष जाई.

मंगळवारी, चौथ्या कागदावर, तिची रेघ चुकली.

डावी भिंत आणि खिडकीची भिंत जिथे मिळतात त्या कोपऱ्याची ती उभी रेघ होती. पेन्सिल हातभर अंतरावर धरून नीलाने माप घेतले. पेन्सिल सरळ होती, कोपरा नव्हता. वरच्या टोकाला तो खोलीत, पलंगाच्या दिशेने, झुकलेला दिसत होता. आपण तिरके बसलो असू असे म्हणून तिने स्टूल हलवले आणि पुन्हा मापले. मग मागचे तीन कागद काढून पाहिले. तिन्हींवर कोपरा थोडा थोडा कललेला होता. पेन्सिलीने तो तसाच आखला गेला होता आणि त्यावर पातळ रंगाचा हात फिरला होता. जलरंगात खालची रेघ लपत नाही.

ती उठली. मुलांना उभ्या रेषा शिकवताना वापरायची ती दगड बांधलेली दोरी तिने पिशवीतून काढली, स्टुलावर चढून भिंतीच्या माथ्याशी असलेल्या खिळ्याला अडकवली आणि सोडली. दगड डोलला, थांबला. वर दोरी भिंतीला चिकटलेली होती. खाली, पलंगाच्या उंचीला, दगड आणि भिंत यांच्यामध्ये तिची चार बोटे सहज मावली.

माई पाहत होती. दगडाकडे नव्हे, नीलाच्या चेहऱ्याकडे.

"काही नाही, माई," नीला म्हणाली, आणि आपला आवाज कसा निघाला ते तिचे तिलाच ऐकू आले.

समोरच्या भिंतीवर तिचे जुने तैलचित्र टांगलेले होते. तेही याच खोलीचे. १९८७ साली तिने ते तीन महिने खपून केले होते, आणि ठाण्याच्या प्रदर्शनात त्याला बक्षीस मिळाले होते. चित्रात माई ताठ बसून तांदूळ निवडत होती, खिडकीतून मधासारखा उजेड येत होता आणि डावी भिंत देवळाच्या खांबासारखी सरळ उभी होती. नीला त्या चित्रासमोर जाऊन उभी राहिली. तिला आठवले. तेव्हाही कोपरा कललेला दिसला होता. थोडासाच, बोटभरही नसेल. आपला हात चुकला असे समजून तिने रंगाच्या सुरीने ओला रंग खरवडला होता, वर नवा थर दिला होता आणि पट्टी लावून रेघ सरळ केली होती. तैलरंग हे सगळे करू देतो. तो दिवसेंदिवस ओला राहतो, पुन्हा पुन्हा विचार बदलू देतो, आणि शेवटी वरचा थर असा काही शांतपणे बसतो की खाली कधी शंका होती याचा मागमूसही उरत नाही. त्या चित्रातली सगळी शांतता त्या थरांची होती, आणि लोकांनी ती घराची समजली होती.

ते चित्र केवळ भिंतीवर असते तरी एक वेळ चालले असते. तात्यांनी ते कोर्टात नेले होते.

तात्या म्हणजे नीलाचे वडील, कोर्टातून निवृत्त झालेले शिरस्तेदार. तीन वर्षांपूर्वी मोरूशेटने नोटीस दिली होती, की इमारत धोकादायक आहे, भाडेकरूंनी जागा सोडावी. आळीतली दोन घरे अशाच नोटिशीने रिकामी झाली होती आणि महिन्याभरात तिथे लूम बसले होते. मग मोरूशेटने दावा लावला, तेव्हा तात्यांनी उत्तरादाखल कैफियत दाखल केली आणि तिला या चित्राचा फोटो जोडला. 'सदर चित्र दावा लागण्यापूर्वीचे असून त्यात भिंत सरळ व भक्कम असल्याचे स्पष्ट दिसते.' नीलाने ते वाक्य वाचले होते. तेव्हा तिला अभिमानच वाटला होता.

संध्याकाळी तात्या फिरून आले. ती त्यांना ओट्यावरच म्हणाली, "तात्या, मधल्या खोलीची भिंत आत येते आहे. चार बोटं."

तात्यांनी चपला काढून शेजारी शेजारी ठेवल्या. "कुणाची बोटं? मोरूशेटची?"

"मी ओळंबा लावला."

"वयानं भिंत वाकते. मी नाही वाकलो?"

"तुम्ही माईच्या अंगावर पडणार नाही आहात."

"नीला," ते खाली बसले, "हीच भिंत. हेच तुझे हात. सात वर्षांपूर्वी तू ती सरळ काढलीस. आता वाकडी काढतेस. समोरचा वकील विचारील, बाई, तेव्हा खोटं बोललात की आता? काय उत्तर देशील?"

"तेव्हा, असं सांगीन."

"मग दावा गेला. आणि आपण कुठं जाणार? तुझ्या आईला घेऊन कुणाच्या ओसरीवर? एक दिवस कुलूप लावून बाहेर गेलो, तर संध्याकाळी कुलपावर त्याचं कुलूप असेल. पस्तीस वर्षं हेच कागद हाताळलेत मी."

त्यांच्या बोलण्यात राग कमी आणि भीती अधिक होती. नीलाला वाटले, आपल्या दोघांना दोन वेगवेगळ्या गोष्टींची भीती वाटते आहे, आणि त्या दोन्ही खऱ्या आहेत.

त्या रात्री तिने माईचा पलंग ओढून पाहिला. तो जुना, जड, चार खांबांचा होता. खोलीतच जोडलेला, दारातून न निघणारा. भिंतीपासून तो वीतभर सरकला आणि दुसऱ्या बाजूच्या कपाटाला टेकला. कपाट हलवावे तर स्वयंपाकघराचे दार अडत होते. त्याहून जागा नव्हती, आणि माईला ओटीवर हलवून खोली रिकामी दाखवायला तात्या तयार नव्हते.

बुधवारी तिने मुलांना सांगते त्याच्या बरोबर उलट केले. खडूच्या पुडीत डिंक मुद्दाम कमी घातला. डिंक कमी पडला की रंग तडकतो आणि खपलीने सुटतो, हे पाचवीतल्या मुलालाही ठाऊक असते. तिला असाच रंग हवा होता, ज्याला जराही ताण सोसणार नाही. डाव्या भिंतीच्या वरच्या, चुन्याच्या भागात खिडकीपाशी एक बारीक भेग होती. तिच्यावर आडव्या अशा त्या रंगाच्या दोन पट्ट्या तिने ओढल्या. तिसरी पट्टी स्वयंपाकघराच्या भिंतीवरच्या एका जुन्या भेगेवर ओढली. तिन्ही पट्ट्या तासाभरात हाडासारख्या पांढऱ्या वाळल्या.

गुरुवारी सकाळी डाव्या भिंतीवरच्या दोन्ही पट्ट्या मधोमध फुटलेल्या होत्या. एकीची खपली माईच्या उशीवर पडली होती.

"डिंक कमी होता," तात्या म्हणाले. "तूच सांगतेस ना पोरांना?"

"तोच रंग स्वयंपाकघरात आहे. चला, बघा."

ते आले. त्यांनी चष्मा पुसला आणि तिसरी पट्टी पाहिली. ती अखंड होती.

"लूमचे हादरे."

"हादरे या भिंतीलाही बसतात. भांडी वाजतात की रोज."

तात्यांनी त्या पट्टीवरून बोट फिरवले. मग म्हणाले, "कोर्टाची मे महिन्याची सुट्टी संपली की अर्ज देतो. कोर्टाचा माणूस येऊन पाहील. रीतीनं होईल सगळं." संध्याकाळी मधल्या खोलीत जाऊन त्यांनी रोजच्यासारखे माईला हाताखाली धरून भिंतीकडे सरकवले, आणि बाहेरच्या बाजूला लोड लावला, ती पडू नये म्हणून.

शुक्रवारी लूम बंद होते. नीलाने जवळच्या शेलार गावाहून यादवला बोलावून घेतले. यादव घरे रंगवी, दुकानांच्या पाट्याही रंगवी. मधल्या खोलीच्या खालच्या चार फुटांना पिस्ता रंगाचा ऑइल पेंट त्यानेच दोन दिवाळ्यांपूर्वी लावला होता. चाळिशीचा, बारीक अंगाचा माणूस. नीलाला तो बाई म्हणे आणि नीला त्याला यादवदादा. रंगाविषयी बोलायला आळीत तिला तेवढाच एक जण होता.

यादवने भिंतीवर उलट्या बोटांनी टकटक केली, एका जागी, दुसऱ्या जागी, पलंगाच्या वर. तिथे आवाज पोकळ आला. त्याने हात काढून घेतला.

"तात्या, मी तवाच बोललो व्हतो, चुनाच लावू. चुना म्हंजे गरिबाचं तोंड. आत काय झालं ते भायेर दिसतं. तुमी म्हनलात, भेगा दिसतात, ऑइल मारून टाक."

"कोर्टाचा माणूस येणार होता तेव्हा," तात्या म्हणाले.

"मंग मारला. ऑइल पेंट म्हंजे पावडर लावलेली नवरी, तात्या. मांडवात झ्याक. हे बगा." त्याने बोट ठेवले तिथे, कमरेच्या उंचीला, हिरव्या रंगावर लांबच लांब आडवी सुरकुती होती. "ह्यो रंग रबरावानी ताणतो. भिंत मोडली तरी ह्यो मोडत न्हाय. खाली काय हाय ते त्यालाच म्हाईत."

"कापून बघा," नीला म्हणाली.

यादवने तात्यांकडे पाहिले. तात्यांनी नाही म्हटले नाही. यादवने पुट्टीचा पत्रा काढला आणि सुरकुतीवरून वीतभर चीर दिली. रंगाची साल ओठांसारखी उघडली आणि तिच्यातून कोरडी माती वाहू लागली. गिलावा नाही, वीट नाही. पीठ झालेली माती. ती बारीक धारेने जमिनीवर पडत राहिली. लूम बंद होते, म्हणून ती धार ऐकू येत होती. यादवने तळहात लावून चीर दाबली. तरी बोटांमधून माती येतच होती.

पलंगाची दांडी करकरली.

माईने डाव्या हाताने पलंगाची बाहेरची दांडी धरली होती आणि ती स्वतःला ओढत होती. उजवे अंग दगडासारखे मागे राहत होते. ती लोडावर आपटली आणि थांबली. घामाने तिचे कपाळ चकाकत होते.

"अगं, पडशील," म्हणत तात्या पुढे झाले आणि त्यांनी तिला धरून आत सरकवायला हात घातला.

"थांबा," नीला म्हणाली. "तात्या, हात काढा."

तिला एकाएकी काहीतरी दिसले होते. ती ओटीवर गेली आणि आठवड्याचे सहा कागद घेऊन आली. ते तिने जमिनीवर, मातीच्या त्या लहानशा ढिगाशेजारी, क्रमाने मांडले. शनिवार, रविवार, सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. आपण रोज दुपारीच चित्र काढतो, हे तिला ठाऊक होते. माई रोज थोडी हललेली असे, हेही ठाऊक होते. चित्रासाठी बसलेली माणसे हलतात. ती चूक धरून ती दुर्लक्ष करीत आली होती.

"ही चादर बघा," ती म्हणाली. "माई आणि भिंत यांच्या मधली पांढरी पट्टी."

शनिवारच्या कागदावर ती पट्टी दोऱ्याएवढी होती. रविवारी बोटाएवढी. बुधवारी, पलंग भिंतीपासून ओढल्यानंतरही, माई आणि पलंगाची भिंतीकडची दांडी यांच्यामध्ये तळहातभर पांढरे होते. गुरुवारी माई जवळजवळ लोडावर चढलेली होती.

"तू रंगवलीस तशी," तात्या म्हणाले. पण ते वाकून पाहत होते.

"मी रंगवली नाही, तात्या. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत. पांढरं हवं तिथं कागद कोरा सोडतात. या पट्टीला माझा हातच लागलेला नाही. त्या चित्रातला," तिने समोरच्या तैलचित्राकडे बोट केले, "प्रत्येक पांढरा ठिपका मी माझ्या मनानं ठेवलाय. इथं मी काहीच ठेवलेलं नाही. माई सरकली, तेवढा कागद उघडा राहिला. रोज दुपारी ती स्वतःला भिंतीपासून ओढून काढते. आणि रोज संध्याकाळी..."

तात्या सहाही कागद पुन्हा पहिल्यापासून पाहू लागले. सहाव्या कागदापाशी त्यांचा चेहरा बदलला. ते उठले, पलंगापाशी गेले आणि त्यांनी लोड काढून खाली टाकला. माईच्या डाव्या हाताला त्यांनी हात लावला. दांडी धरून धरून तिच्या बोटांची सालटी निघाली होती.

"मला वाटलं, ही पडेल," ते म्हणाले. कुणाला, ते कळले नाही.

माईला खुर्चीत बसवून यादव आणि नीलाने उचलले. यादव म्हणाला, "आमच्याकडं न्या. आये घरीच असती. दोन खोल्या हायेत, भिंती नव्या हायेत." तात्या क्षणभर घुटमळले. यादव समजला. "पानी आमच्या हातचं घ्यायचं का न्हाय, ते मंग ठरवा, तात्या. आदी म्हातारीला रिक्षात बसवू."

तात्या खाली मान घालून म्हणाले, "तुझ्या आईला, शांताबाईंना सांग, हिला गार पाणी चालत नाही. कोमट लागतं."

पण ते स्वतः निघाले नाहीत. रिक्षा जायच्या वेळी ते ओटीवरून परतले आणि मधल्या खोलीत, माईच्या रिकाम्या पलंगावर जाऊन बसले. मांडीवर भाडेपावत्यांची पत्र्याची पेटी.

"कब्जा सोडता येत नाही," ते म्हणाले. "तुम्ही तिला न्या. मी इथं आहे."

नीलाने शेलारला माईला शांताबाईंच्या हाती सोपवले आणि दिवेलागणीला ती परत आली. सगळी रात्र ती ओटीवर बसून होती. आत वडील होते आणि तिला आत जाऊन झोपण्याचे धैर्य नव्हते, त्यांना एकटे टाकून जाण्याचेही नव्हते. शनिवारी आठ वाजता शिफ्ट सुरू होणार होती. दिवसभर मोकळी राहून अधिकच सैल झालेली ती भिंत, आणि एकदम चोवीस लूम. ती आकडे मोडत बसली.

उजाडताच यादव आला. नीला त्याला घेऊन आत गेली.

"तात्या, तुम्हाला काय पाहिजे म्हणजे तुम्ही उठाल?"

रात्रभरात तात्यांचे डोळे खोल गेले होते. "कागद," ते म्हणाले. "मी धोक्यामुळं उठलो, जागा सोडली म्हणून नव्हे, असा कागद. फोटोवाल्याला बोलवायला वेळ नाही, आणि कोर्टात फोटो तुझ्या चित्राचा लागलाय. तेव्हा तूच काढ. जशी आहे तशी. तारीख, वेळ घाल. खाली मी पंचनामा लिहितो. यादव पंच."

"मी?" यादव म्हणाला. "भिंत लपवनारा बी मीच, पंच बी मीच?"

"म्हणूनच तुझी सही हवी. आणि तिची."

सव्वासहा वाजले होते. नीला दारात स्टूल टाकून बसली. तिने असे भीत भीत कधी काम केले नव्हते. कोपऱ्याची रेघ तिने एकदाच ओढली, जशी दिसली तशी, आणि ती पुन्हा खोडली नाही. भिंतीवर राखाडी रंगाचा पहिला ओला हात फिरवला. आता तो वाळेपर्यंत थांबणे भाग होते. ओल्यावर भेगा काढल्या तर रंग पसरतो आणि भेगेचा ढग होतो. ढगावर कोर्ट विश्वास ठेवत नाही. सकाळच्या दमट हवेत कागद वाळेना. यादव वर्तमानपत्राने वारा घालू लागला. तात्या पलंगावर बसून पंचनाम्याचा मसुदा लिहीत होते आणि त्यांच्या मागे चिरेतून मधूनच माती सुटत होती.

"तात्या, इकडं बसून लिहा."

"उजेड इथं आहे."

सात वाजले. कागद सुकला. तिने बारीक ब्रशने भेगा काढल्या: आडवी सुरकुती, फुटलेल्या पट्ट्या, चीर. मग भिंतीचा माथा. तिथे, छपराच्या खाली, चार काळे चौकोन होते. तैलचित्रात ते तिने गाळले होते, खोली नीटनेटकी दिसावी म्हणून. जलरंगाच्या कागदांवर ते वर, कागदाबाहेर राहिले होते. आज सगळी भिंत हवी होती, म्हणून तिने ते एकेक करून काढले. लोखंडाची टोके होती ती, भिंतीत रोवलेली. तिसऱ्याभोवती चुना सुटला होता आणि टोक भिंतीतून अंगठाभर निसटून मागे गेलेले दिसत होते. चौथ्यापाशी तिचा ब्रश थांबला.

"यादवदादा, ही टोकं कसली?"

"शेडच्या कैच्या, छप्पर पेलनाऱ्या. पलीकडचा समदा पत्रा ह्याच भिंतीवर बसवलाय की."

नीलाने वर पाहिले. भिंत त्यांच्या खोलीत झुकत होती, म्हणून इतके दिवस ती फक्त याच बाजूच्या माणसांसाठी भीत होती. पलीकडे छप्पर होते, आणि त्याखाली माणसे.

"तात्या, सही करा. आत्ता."

तात्यांनी चित्राखाली मजकूर उतरवून सही केली. 'जिवास धोका असल्याने कब्जाचा हक्क राखून तूर्त बाहेर पडत आहोत.' यादवने सही केली. नीलाने सही केली तेव्हा बोटाला लागलेला चौथ्या चौकोनाचा ओला रंग तिच्या नावावर किंचित उमटला. तात्या पेटी घेऊन उठले, उंबऱ्यापाशी अडखळले आणि यादवच्या खांद्याला धरून ओट्यावर आले. तेवढ्यात पलीकडे पहिला लूम खडखडला. आठ वाजायला दहा मिनिटे होती. मग दुसरा, मग चार एकदम.

नीला कागद हातात घेऊन धावली. शेडचे दार मागच्या गल्लीत होते. ती या शेडमध्ये कधी गेली नव्हती. तात्या तिथे काम करणाऱ्यांचे नावही घेत नसत. आत कान फुटतील असा आवाज होता. भिंतीच्या कडेने, छातीएवढ्या उंचीपर्यंत, सुताची पोती रचलेली होती. त्यामुळे या बाजूनेही भिंतीची भेग कुणाला दिसत नव्हती. बनियनवर उभी असलेली माणसे लूमवर वाकलेली होती. लूमची देखरेख करणारा जॉबर इलियास, पिकलेल्या दाढीचा, पाना घेऊन तिच्यासमोर आला. त्याचे ओठ हलले. तिने ओरडून सांगितले, "दीवार! दीवार गिर रही है!" तिचे तिलाच ऐकू आले नाही. त्याने कानाकडे हात नेला आणि हसून बाहेर चला अशी खूण केली.

तिने कागद त्याच्या डोळ्यांसमोर धरला.

त्याने आधी खालच्या सह्या पाहिल्या, मग कललेला कोपरा. मग चार काळे चौकोन. तिने तिसऱ्यावर बोट ठेवले आणि तेच बोट वर छपराकडे नेले. इलियासने मान वर केली. कैच्या मोजल्या: एक, दोन, तीन. तो कागद आणि छप्पर यांच्याकडे आळीपाळीने पाहत राहिला. मग त्याने जवळचे एक पोते बाजूला ओढले, भिंतीच्या भेगेत हात घातला आणि कोपरापर्यंत आत जाऊ दिला.

हात काढल्यावर तो चालला नाही, पळाला. खांबावरचा मेन स्विच त्याने दोन्ही हातांनी खाली ओढला.

"निकलो! सब बाहर! डब्बा-बिब्बा छोड़ो, निकलो!"

माणसे गोंधळून, शिव्या देत, हसत बाहेर गल्लीत आली. कुणी म्हणाले, फिर लाइट गई क्या. इलियास दारात उभा राहून प्रत्येकाच्या पाठीवर हात मारून मोजत होता. सतरापाशी तो थांबला. "चाँद किधर है?"

"बोरों पे सोया था," कुणीतरी म्हणाले. "रात की ड्यूटी करके आया है, बगल के कारखाने से."

इलियास आत वळला. नीला त्याच्या मागोमाग दोन पावले गेली आणि तिथेच थिजली. आत छपराचा पत्रा लांबलचक कण्हला. पोत्यांच्या ओळीत, भिंतीच्या अगदी पायथ्याशी, एक माणूस कुशीवर झोपलेला होता. इलियासने त्याला काखेत धरून ओढले. तो झोपेतच हातपाय झाडत होता. दोघे दारातून बाहेर पडले ते एकमेकांवर, गल्लीतल्या चिखलात.

भिंत त्यानंतर पडली. ती नीलाच्या घराच्या मधल्या खोलीत पडली, पलंगावर, कपाटावर, तैलचित्रावर, आणि शेडचे अर्धे छप्पर तिच्यामागून खाली आले. धूळ दारातून अशी आली की काही वेळ गल्लीत कुणाला कुणी दिसेना.

धूळ बसू लागली तेव्हा तात्या यादवचा हात धरून गल्लीच्या तोंडाशी आलेले होते. त्यांनी नीलाला पाहिले.

"आत कुणी राहिलं का?" त्यांनी इलियासला विचारले.

"नहीं, बाबा. अठारह. पूरे हैं." इलियास भिंतीला नव्हे, रस्त्यावरच्या दिव्याच्या खांबाला टेकून बसला होता.

"नावं सांगा," तात्या म्हणाले. त्यांनी खिशातून पेन काढले आणि नीलाच्या हातातला कागद उलटा करून पेटीवर ठेवला. "एकेकाचं. मालक म्हणेल, शिफ्ट सुरूच नव्हती. कोण कोण आत होतं, ते आत्ताच लिहून ठेवू."